पुसलेलं सहावं गाणं

वेल्डरने सकाळची दुसरी गोळी घेतली की चाळीस मिनिटं थांबायचं. तोवर त्याच्या हातात गिटार द्यायची नाही. चाळीस मिनिटांनी हाताची थरथर हळूहळू निवायची आणि मग तास-सव्वा तास तो हात पूर्वीसारखा चालायचा. रेकॉर्डिंग काय ते तेवढ्यात उरकायचं. पुन्हा थरथर सुरू झाली की गिटार खाली ठेवायची आणि घरी जायचं. हे वेळापत्रक सिस्टरने तापाच्या एका जुन्या तक्त्याच्या पाठीमागे लिहून खोलीच्या दारावर चिकटवलं होतं. तिचं अक्षर इतकं ठसठशीत होतं की ते मोडायची कुणाची छाती होत नसे.

खोली एका बंद पडलेल्या लाँड्रीच्या मागे होती. भिंतींना इस्पितळातून मोडीत निघालेल्या हिरव्या रेक्झिनच्या गाद्या उभ्या करून लावल्या होत्या, म्हणजे आवाज बाहेर जाऊ नये. गाद्या अर्थात सिस्टरने आणलेल्या. ती सदतीस वर्षं नर्स होती आणि तितकीच वर्षं या बँडमध्ये बेस गिटार वाजवत होती. सगळं गाव तिला सिस्टर म्हणायचं, तसं हे तिघंही म्हणायचे.

ते तिघं म्हणजे वेल्डर, भोंगा आणि सुतार. वेल्डर गिटार वाजवायचा आणि गाणी रचायचा. आयुष्यभर लोखंड जोडलेल्या त्याच्या मनगटांवर ठिणग्यांचे पांढरे ठिपके होते. भोंगा गायचा. तो सार्वजनिक ग्रंथालयात नोकरीला होता आणि दिवसभर लोकांना "हळू बोला" सांगत असे. त्या सगळ्या गप्प बसण्याची भरपाई तो रविवारी माइकवर करून घ्यायचा. आणि सुतार ड्रम वाजवायचा. वय अठ्ठावन्न, हात अजून दणकट, पण फरशीवर गुडघे टेकून टेकून उजवा गुडघा पार झिजलेला. ड्रमच्या मोठ्या ढोलाचं पायडल उजव्या पायानेच दाबायचं असतं.

हार्डकोर पंक म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही त्याने असं समजावं. गाणं लहान असतं, आणि वेग असा की ब्रेक तुटलेल्या सायकलवर बसून उताराला लागलोय असं वाटावं. गाणारा गात नाही, ओरडतो. का ओरडतो? कारण तेच त्याने आधी साध्या आवाजात सांगून पाहिलेलं असतं आणि कुणी ऐकलेलं नसतं. यात मेटल या संगीतप्रकारातल्या जडशीळ गिटारी मिसळल्या, आणि सगळ्यावर मुद्दाम गंज चढू दिला, की त्याला क्रस्ट म्हणतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो नुसता गोंगाट वाटतो. दहाव्यांदा ऐकणाऱ्याला कळतं की त्या गोंगाटात प्रत्येक ठोक्याची जागा ठरलेली आहे, आणि एकाने जरी जागा सोडली तरी सगळं छप्पर खाली येतं.

या चौघांनी तरुणपणी दोन रेकॉर्ड काढल्या होत्या. बंद पडलेल्या कारखान्यांवर, नद्यांत सोडलेल्या घाणीवर, दूरच्या लढायांवर. बँडचं नाव असं होतं की ते सिस्टरच्या आईसमोर कधीच उच्चारता आलं नाही. आईने विचारलं तर सिस्टर सांगायची, "आमचं भजनी मंडळ आहे." मग संसार आले, नोकऱ्या आल्या आणि बावीस वर्षं रविवारी जुनीच गाणी वाजवण्यापलीकडे काहीच झालं नाही. अचानक एका छोट्या कंपनीचं पत्र आलं. कंपनी म्हणजे एक नवरा-बायको आणि त्यांचं गॅरेज. तुमच्या जुन्या रेकॉर्ड आम्ही जपून ठेवल्यात, नवी काढाल का, असं त्यांनी विचारलं होतं.

भोंगा म्हणाला होता, "आता आपण काय ओरडणार? माझं ओरडणं म्हणजे जिन्यावर दम लागणं."

"तेच ओरड," वेल्डर म्हणाला. "खरं असलं म्हणजे झालं."

तेव्हा त्याच्या उजव्या हाताची करंगळी नुकती आपोआप थरथरायला लागली होती. त्याने ती खिशात लपवली होती. सिस्टरने ती पाहिली होती.

सहा गाणी ठरली. पाच जुन्या सवयीने सगळ्यांनी मिळून बसवली. सहावं वेल्डरने एकट्याने रचलं, बावीस वर्षांत पहिलंच. चार मिनिटं चाळीस सेकंदांचं. सुरुवात संथ आणि जड, एखादं कपाट जमिनीवरून ओढत न्यावं तशी. मध्ये एक वळण, आणि तिथून ते सुसाट सुटायचं. शेवटी पुन्हा संथ. शब्द भोंग्याने लिहिले होते, पण ते कशावर आहे हे चौघांनाही न सांगता माहीत होतं. ते त्या हातावर होतं. वेल्डर एवढंच म्हणाला होता, "बाकी पाच कशीही होऊ देत, हे मात्र माझ्या हाताने रेकॉर्डवर गेलं पाहिजे. पुढच्या वर्षी हा हात माझा नसेल."

आता त्या बँडचा एक नियम सांगितला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्या नियमावर घडलं.

तरुणपणी त्यांच्याकडे टेपचं एकच स्पूल होतं. दुसरं घ्यायची ऐपत नव्हती. त्यामुळे एकदा वाजवलेलं पसंत पडलं नाही तर ते पुसायचं आणि त्याच जागी पुन्हा वाजवायचं. एकदा अशाच एका गाण्यावरून, चूक कुणाची झाली या गोष्टीवर, त्यांचं तीन तास भांडण झालं. भोंग्याने माइकचा स्टँड भिरकावला, वेल्डर महिनाभर आला नाही. तो परत आल्यावर सिस्टरने नियम घातला. चौघांपैकी कुणीही एकाने "पुस" म्हटलं की पुसायचं. का म्हणून विचारायचं नाही. आणि म्हणणाऱ्यानेही कारण सांगायचं नाही. चूक स्वतःची असो की दुसऱ्याची, ती टेपबरोबर पुसली गेली, विषय संपला.

पुढे दहा स्पूलं घ्यायची ऐपत आली तरी त्यांनी नियम सोडला नाही. गॅरेजवाल्या कंपनीने म्हटलं होतं, की आता सगळे कॉम्प्युटरवर करतात, वीस वेळा वाजवा, त्यातलं चांगलं निवडू. भोंगा म्हणाला, "कॉम्प्युटर काही विसरत नाही. आणि मागे काहीतरी शिल्लक आहे हे माहीत असलं की माणूस जीव तोडून वाजवत नाही." तेव्हा सिस्टरने आपलं जुनं स्पूलचं मशीन माळ्यावरून काढलं, तेलपाणी केलं, आणि काम सुरू झालं. पाच रविवारी पाच गाणी झाली.

सहाव्या रविवारी सहावं.

पहिल्या वेळी भोंग्याने "पुस" म्हटलं. दुसऱ्या वेळी खुद्द वेल्डरने. पुसायलाही वेळ लागायचा. सिस्टर स्पूल मागे फिरवायची, माइक बंद करायची आणि गाण्याच्या पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत मशीन कोरं चालवायची. गाणं जितकं लांब तितकाच वेळ ते पुसायला. तेवढ्यात बाकीचे चहा प्यायचे.

तिसऱ्या वेळी मात्र काहीतरी निराळंच झालं. वेल्डरने पहिली तार छेडली आणि सुतारच्या मानेवर काटा आला. तो हात वीस वर्षांपूर्वीचाही नव्हता. वीस वर्षांपूर्वी त्या हातात जोर होता, आज त्यात जाण होती. मधल्या वळणावर वेल्डरने ठरल्यापेक्षा वेगळंच काहीतरी केलं, एक वाकडी वाट घेतली, आणि तिघंही न बोलता त्याच्यामागे त्या वाटेने गेले आणि बरोबर जागेवर उतरले. भोंगा ओरडत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शेवटचा संथ भाग आला. आणि तिथे सुतारचा गुडघा अडकला. पाय खाली जायला हवा होता तेव्हा गेला नाही. दोन ठोके मागे पडले. तिसऱ्या ठोक्याला त्याने सावरून घेतलं आणि गाणं संपलं.

भोंगा जमिनीवर बसला. सिस्टर मशीनकडे न बघता वेल्डरकडे बघत होती आणि हसत होती. वेल्डर आपल्या हाताकडे असा बघत होता, की जणू कुणी बऱ्याच वर्षांनी घरी आलंय.

सुतारच्या कानात मात्र ते दोन ठोके वाजत होते. पस्तीस-छत्तीस वर्षांत त्याचा पाय कधी मागे पडला नव्हता. तरुण ड्रमवाले त्याच्या त्या पायासाठी लांबून यायचे. आणि आता ही शेवटची रेकॉर्ड, शेवटचं गाणं, त्यात हे दोन ठोके कायमचे कोरले जाणार. त्याने घड्याळ पाहिलं. गोळीची अजून पंधरा मिनिटं शिल्लक होती. एकदा वाजवून होईल एवढा वेळ होता. आज वेल्डरचा हात असा लागलाय, पुन्हा लागेलच.

"पुस," तो म्हणाला.

सिस्टरचा हात मशीनवर क्षणभर थांबला. तिने घड्याळाकडे पाहिलं, मग सुतारकडे. नियम म्हणजे नियम. तिने स्पूल मागे फिरवलं आणि कोरं चालवायला सुरुवात केली.

चार मिनिटं चाळीस सेकंद. कुणी चहा प्यायला नाही. स्पूल फिरत होतं, किर्र आवाज येत होता. एक मिनिट झालं तेव्हा सुतारच्या मनात आलं, की थांबव म्हणावं. सुरुवातीचा संथ भाग गेला असेल, पण बाकीचं अजून आहे. दोन मिनिटं झाली. ती वाकडी वाट आत्ता जातेय. तो जिभेवर आलेला शब्द गिळून बसला. थांबव म्हटलं तर का पुसायला लावलंस हेही सांगावं लागेल, असं त्याला वाटलं. समोर वेल्डर आपली बोटं एकेक करून उघडत होता आणि मिटत होता. जणू त्यांतलं नेमकं कुठलं बोट चुकलं ते शोधत होता.

मग चौथ्यांदा वाजवलं. दुसऱ्या मिनिटाला वेल्डरच्या बोटांतून तारा छेडायची पट्टी निसटून खाली पडली. ती उचलायला तो वाकला तेव्हा हात इतका थरथरत होता की पट्टी चिमटीत येईना. सिस्टरने ती उचलली आणि त्याच्या शर्टाच्या खिशात टाकली.

"पुढच्या रविवारी," वेल्डर म्हणाला. "पळून जातंय होय गाणं?"

"तू ये म्हणजे झालं," भोंगा म्हणाला. "मागच्या वेळी एक महिना रुसला होतास."

सगळे हसले. सुतारही हसला.

गुरुवारी वेल्डर न्हाणीघरात पडला. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, हाड बसलं, पण त्या दीड महिन्यात आजाराने जी उडी मारली ती मागे फिरली नाही. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या, बदलल्या. चाळीस मिनिटं थांबलं, तास थांबलं, तरी हात शांत होईना. चमचा तोंडापर्यंत नेता येत नव्हता, तिथे गिटारचं नाव कोण काढणार.

कंपनीने वाट पाहिली, मग चाचरत विचारलं, की सहाव्या गाण्याला दुसरा कुणी गिटारवाला घ्यायचा का. भोंगा तेव्हा ग्रंथालयात होता, म्हणून फोनवर कुजबुजत म्हणाला, "घ्या की. माझ्या जागी ओरडायलाही दुसरा घ्या, म्हणजे सगळी रेकॉर्डच परक्याची होईल." पुन्हा कुणी विचारलं नाही. पाच गाण्यांचीच रेकॉर्ड काढायची ठरलं.

या आठ महिन्यांत सुतार दर शनिवारी वेल्डरच्या घरी जात होता. जाताना हत्यारांची पिशवी घेऊन जायचा. न्हाणीघरात त्याने सागवानी कठडा बसवला. दारांचे उंबरे रंध्याने तासून सपाट केले, म्हणजे पाय अडखळू नये. पलंग चार बोटं उंच केला. जेवणासाठी अंथरुणावर ठेवायचा छोटा चौरंग केला आणि त्याच्या कडा वर उचलून घेतल्या, म्हणजे भांडं घसरून पडू नये. वेल्डरच्या बायकोला सगळे वहिनी म्हणत. त्या एकदा म्हणाल्या, "भावजी, सख्खा दीर असता तर त्यानेही एवढं केलं नसतं." त्या दिवशी सुतार चहा अर्धा ठेवून निघून गेला.

काय सांगायचं ते तो दर शनिवारी ठरवून यायचा आणि दर शनिवारी काहीतरी ठोकून परत जायचा. शेवटी त्या घरात ठोकण्यासारखं काही राहिलं नाही.

मग रेकॉर्डची चाचणी प्रत आली. छपाईला जाण्याआधी दोन-तीन प्रती काढून बँडला ऐकायला देतात, तशी. पांढरं पाकीट, वर काही लिहिलेलं नाही. सुतार आणि सिस्टर तिच्या घरी बसून ऐकत होते. पहिल्या बाजूला तीन गाणी, दुसऱ्या बाजूला दोन. दुसरी बाजू लवकर संपली आणि सुई कोऱ्या चरांवरून खसखस करत जाऊ लागली.

सिस्टरने सुई उचलली नाही. म्हणाली, "तुझा पाय मागे पडला होता ना?"

सुतार ते पांढरं पाकीट उलटसुलट करू लागला.

"मी बेस वाजवते, माझा प्रत्येक सूर तुझ्या ढोलाच्या ठोक्यावर टेकतो. इतकी वर्षं तुझ्या पायावर पाय ठेवून उभी आहे मी. मला कळणार नाही?"

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"नियम कुणी घातला होता?" ती म्हणाली. मग फिरत्या रेकॉर्डकडे बघत, "मशीन माझ्या हातात होतं. चार मिनिटं चाळीस सेकंद. बटण दाबलं असतं तर थांबलं असतं. तू एकटा नाहीस."

"त्याला सांगू?"

"ते मी नाही सांगणार तुला. पण एक सांगते. इस्पितळात मी पुष्कळ माणसं पाहिली. माणसाला दुखणं सहन होतं. दुखणं आपल्याच चुकीने आलं असं वाटलं की मग नाही होत."

त्याच दुपारी सुतार ती प्रत घेऊन वेल्डरकडे गेला. आज हत्यारांची पिशवी नव्हती. वहिनींनी दार उघडलं आणि रिकाम्या हातांकडे बघून म्हणाल्या, "आज काय ठोकायचं राहिलं नाही वाटतं आमच्याकडे."

"रेकॉर्ड आणलीय."

त्यांनी त्याला दारातच थांबवलं. आवाज खाली आणून म्हणाल्या, "भावजी, लावा, पण सहाव्या गाण्याचा विषय नका काढू. रोज तेच चाललंय. माझा हात सटकला म्हणून पुसावं लागलं, म्हणे. नाहीतर झालंच होतं, म्हणे. कुठे सटकला ते मनात पुन्हा पुन्हा वाजवून बघतात, सापडत नाही. परवा मला विचारत होते, तू काही ऐकलंस का त्यांच्याकडून. मला काय कळणार त्यातलं?"

सुतारने मान हलवली.

वेल्डर खिडकीपाशी पलंगावर बसला होता. उशा लावून त्याला ताठ बसवला होता. चेहरा आता फारसा हलत नसे. तो हसला की फक्त डोळ्यांवरून कळायचं. डोळे हसले.

"आणलीस? लाव. भोंगा कसा ओरडलाय बघू."

रेकॉर्ड लावली. पहिली बाजू त्याने डोळे मिटून ऐकली. एका जागी म्हणाला, "सिस्टरने इथे बरोबर मारलंय." एका जागी म्हणाला, "भोंग्याला खोकला आलाय, तो खोकला गाण्यात घातलाय लबाडाने." दुसरी बाजू लागली. दोन गाणी झाली. मग सुई कोऱ्या चरांवर गेली आणि खसखस सुरू झाली. वेल्डर तेही ऐकत राहिला. त्याचे हात पांघरुणावर थरथरत होते. सुतार सुई उचलायला उठला.

"राहू दे," वेल्डर म्हणाला. "एवढी जागा त्याची होती. माझ्यामुळे गेली."

सुतार उभाच राहिला. मग म्हणाला, "तुझ्यामुळे नाही."

"तू पुस म्हणालास ते बरोबरच होतं. तुझा कान खोटं सांगत नाही. मीच कुठेतरी—"

"तुझं काही चुकलं नव्हतं. माझा पाय मागे पडला होता."

खसखस चालू होती. वेल्डरने मान वळवायला वेळ घेतला. आता त्याला प्रत्येक गोष्टीला वेळ लागायचा.

"कुठे?"

"शेवटच्या संथ भागात. सुरुवातीलाच."

"किती?"

"दोन ठोके."

"दोन ठोके," वेल्डर म्हणाला. वहिनी चहा घेऊन आल्या, दोघांकडे बघून दारातच थबकल्या आणि ट्रे तसाच हातात धरून उभ्या राहिल्या. "दोन ठोक्यांसाठी तू ते पुसलंस?" वेल्डरने विचारलं. "आणि मग तिथे बसून बघत राहिलास?"

"हो."

"आणि आठ महिने इथे येऊन लाकडं ठोकत होतास."

"हो."

"मी रोज," वेल्डर म्हणाला. त्याचा आवाज आधीच बारीक झालेला, आता तो जेमतेम ऐकू येत होता. "मी रोज हे बोट धरून विचारतोय, की तू का सटकलंस. याने काहीच केलं नव्हतं."

सुतारला वाटलं, की आता हा जा म्हणेल. जा म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तो दाराकडे वळला.

"पळू नको," वेल्डर म्हणाला. "बस इथे."

तो पलंगाशेजारच्या खुर्चीवर बसला. ती खुर्चीही त्यानेच केलेली होती. वहिनींनी ट्रे खाली ठेवला, सुई उचलली आणि खोली एकदम शांत झाली.

"कसं झालं होतं ते सांग मला," वेल्डर म्हणाला. "वाजवताना मला काही कळत नव्हतं. हात आपला आपण चालला होता. मला नुसतं आठवतं, की चांगलं चाललंय. तू ऐकत होतास. तुझ्याइतकं माझं वाजवणं दुसऱ्या कुणी ऐकलेलं नाही. सांग."

"तोंडाने?"

"मग काय पायाने सांगणार?"

सुतारने चौरंग पुढे ओढला. डाव्या हाताच्या बोटांनी कडेवर ठेका धरला आणि तोंडाने वेल्डरची गिटार धरली, घुर्र, घुर्र, त्या कपाट ओढल्यासारख्या संथ चालीत. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस भरदुपारी गाल फुगवून घुरघुरत होता आणि कुणी हसत नव्हतं. वेल्डरने डोळे मिटले. एका जागी म्हणाला, "तिथे नाही, त्याच्या आधी मी दोन तारा एकदम ओढतो." सुतारने तेवढं दुरुस्त केलं. मधलं वळण आलं, तेही त्याने पार केलं, आणि मग बोटं चौरंगावर धावू लागली. वहिनींनी कपाला हात लावून ठेवला, म्हणजे तो खडखडू नये.

शेवटचा संथ भाग आला. सुतार तिथे जरा थबकला. मग जसं झालं होतं तसंच त्याने वाजवलं. दोन ठोके मागे.

वेल्डरने डोळे उघडले. "हे?"

"हे."

"हे मला तेव्हा ऐकूसुद्धा आलं नव्हतं," तो म्हणाला.

सुतारने मान खाली घातली आणि उरलेलं गाणं तसंच, खालमानेने संपवलं. वहिनींनी वेल्डरचं तोंड पुसलं. डोळेही पुसले, कारण ते त्याला स्वतःला पुसता येत नव्हते.

"पुन्हा," वेल्डर म्हणाला. "पहिल्यापासून."

सुतार पुन्हा सुरुवातीला गेला. कपाट ओढलं जाऊ लागलं. दोन तारा एकदम, बरोबर जागेवर. संथ भाग पुढे सरकत मधल्या वळणापाशी आला. त्या दिवशी वेल्डरने जिथे वाकडी वाट घेतली होती तिथे. आणि सुतारची बोटं चौरंगावर थांबली. मघाशी तो या जागेवरून ओघात निघून गेला होता. आता त्याने नीट कान देऊन शोधलं आणि तिथे त्याला काही सापडेना.

"काय झालं?"

सुतार म्हणाला, "इथलं मला आठवत नाही. तू काहीतरी वेगळं केलं होतंस. फार सुंदर केलं होतंस, एवढं आठवतं. काय केलं होतंस ते आठवत नाही. मघाशी मी अंदाजाने घातलं."

वेल्डर खिडकीबाहेर बघत राहिला. पांघरुणावर त्याची बोटं हलत होती, पण ती आता नेहमीच हलत असत, त्यावरून काही कळत नव्हतं.

"मलाही नाही आठवत," तो म्हणाला. "तुझा अंदाज बरा होता. तोच घाल, आणि पुढे चल."